ब्लॅकबर्नचा गुणतक्ता पुण्यात ठरला

ऑगस्ट जवळ आला की इंग्लिश प्रीमियर लीगच्या वीस क्लबांची पहिल्यापासून विसाव्यापर्यंत उतरंड लावण्याची लगबग सुरू होते. ही लगबग आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडला लागून असलेल्या मुकुंदवाडीत, चिकलठाणा एमआयडीसीच्या पाळ्यांवर जिथली घरे चालतात तिथेही, शनिवारी साडेसातला कोणाचा सामना आणि रात्री दहाला कोणाचा, हे पोरांना तोंडपाठ असते. पहिल्या चारांत कोण, खाली कोण घसरणार, यावर तावातावाने बोलले जाते. या बोलण्याला माझा विरोध नाही. ज्या पायावर हे अंदाज उभे राहतात त्या पायाला आहे. अंदाज बांधणाऱ्यांचे दोनच पक्ष मला दिसतात. एक म्हणतो, ज्याच्याकडे पैसा त्याचा गुणतक्ता. उन्हाळ्यात कोणी कितीचे खेळाडू घेतले ते पाहा आणि नंबर लावा. दुसरा म्हणतो, चेंडू गोल आहे, काहीही होऊ शकते, सगळे अंदाजपंचे. माझे म्हणणे असे की दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघेही हिरवळीवर आणि बाजारात पाहतात. क्लबची कचेरी, म्हणजे तिथे निर्णय कोण घेतो, कोणाला विचारून घेतो आणि घेतलेला निर्णय किती दिवस टिकतो, याकडे कोणीच पाहत नाही. आणि ही चूक महाराष्ट्राने तरी करू नये, कारण इंग्लंडच्या फुटबॉलमधला या गोष्टीचा सर्वांत ठसठशीत पुरावा पुण्याच्या पत्त्यावर सापडतो.

आधी पैशाच्या पक्षाला त्याचे माप देतो, कारण त्यांचे म्हणणे पोकळ नाही. अर्थतज्ज्ञ स्टेफान झिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचे वर्षानुवर्षांचे हिशेब तपासून दाखवले की दहा-वीस वर्षांची सरासरी घेतली तर खेळाडूंच्या पगारावरचा खर्च आणि लीगमधले स्थान यांची जोडी जवळजवळ घट्ट बसते. स्थानांमधल्या फरकाचा नऊ दशांशाच्या आसपास भाग एकट्या पगारातून उलगडतो. पण इथे ‘सरासरी’ हा शब्द सगळे काम करतो. येणाऱ्या एका हंगामाचे भाकीत करायला बसलेल्या माणसाला वीस वर्षांची सरासरी फार पुढे नेत नाही. २०२२-२३ मध्ये लेस्टर सिटी खाली घसरला तेव्हा त्याचे पगारपत्रक २० कोटी पौंडांहून मोठे होते आणि प्रीमियर लीगमधल्या वरच्या निम्म्यात मोडत होते. २०२४-२५ मध्ये मँचेस्टर युनायटेड पंधरावा आला आणि टॉटनहॅम सतरावा. दोघेही इंग्लंडच्या श्रीमंत क्लबांपैकी. त्याच वर्षीचा विजेता लिव्हरपूल २०२५ च्या उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांहून अधिक खर्च करून बसला, एकट्या अलेक्झांडर इसाकसाठी १२.५ कोटी पौंड मोजले, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात लीगच्या सातपैकी सहा सामने हरला. खरेदीची यादी पाहून नंबर लावणाऱ्यांनी यांतले काय सांगितले होते?

म्हणून मग दुसरा पक्ष पुढे सरसावतो. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, सामन्याला तीनच्या आतबाहेर, त्यामुळे एका चुकीच्या पासाने किंवा पंचाच्या एका शिट्टीने सगळे उलटेपालटे होते, हे खरेच आहे. ३१ डिसेंबर २०११ ची दुपार घ्या. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडचे मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन यांचा सत्तरावा वाढदिवस होता आणि पाहुणा क्लब गुणतक्त्यात तळाला होता. त्या तळाच्या क्लबने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरात ३-२ ने हरवले. हंगाम संपला तेव्हा मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांचे ८९ गुण झाले आणि विजेतेपद गोलफरकाने सिटीकडे गेले. त्या दुपारी युनायटेडला एक गुण जरी मिळाला असता तरी करंडक दुसऱ्या कपाटात गेला असता. नशिबाच्या पक्षाला याहून चांगला दाखला मिळणार नाही. पण हाच दाखला पुढे वाचला तर त्यांच्याच अंगावर उलटतो. तो तळाचा क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स होता. ओल्ड ट्रॅफर्ड जिंकूनही तो ३१ गुणांवर एकोणिसावा राहिला आणि ७ मे २०१२ रोजी विगनकडून ०-१ ने हरून प्रीमियर लीगबाहेर गेला. एका दुपारचे नशीब त्याच्या बाजूने होते. अडतीस सामन्यांच्या हंगामाला मात्र दुसऱ्याच कशाने तरी धरून ठेवले होते, आणि ते ओढणारे टोक क्लबच्या लँकेशायरमध्ये नव्हते.

ब्लॅकबर्न हा काही आलागेला क्लब नाही. १८७५ चा जन्म, १८८८ साली फुटबॉल लीग स्थापणाऱ्या बारांपैकी एक, एफए कप सहा वेळा. जॅक वॉकर या पोलाद उद्योजकाने १९९१ मध्ये क्लब हाती घेतला, केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणले, अॅलन शियररला आणले, आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. २००० साली वॉकर गेले. त्यानंतरही क्लब दहा वर्षे बऱ्यापैकी उभा होता. २००९-१० मध्ये सॅम अॅलर्डाइसच्या हाताखाली तो दहावा आला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने, म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने, तो २.३ कोटी पौंडांना विकत घेतला. अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू वेंकटेश व बालाजी राव यांची ही मालकी. कोंबडी आणि अंड्यांच्या धंद्यात या घराण्याने देशाची बाजारपेठ घडवली, त्यांचे व्यापारी कर्तृत्व वादातीत आहे. त्या दिवशी कोणत्याही जाणकाराला विचारले असते तर त्याने ब्लॅकबर्नला दहा ते पंधराच्या दरम्यान बसवले असते, आणि संघ पाहता ते बरोबरच ठरले असते.

मग १३ डिसेंबर २०१० रोजी, मालकी बदलून महिनाही झाला नव्हता तेव्हा, अॅलर्डाइसना काढले. क्लब तेराव्या स्थानावर होता. जागी आले स्टीव्ह कीन, प्रशिक्षकांच्या ताफ्यातले, ज्यांनी त्याआधी एकही क्लब मॅनेजर म्हणून सांभाळला नव्हता. आयुष्यात इतका मूर्खपणाचा निर्णय ऐकला नाही, असे फर्ग्युसन यांनी तेव्हाच जाहीरपणे म्हटले. अनेक वर्षे क्लबचा गाडा हाकणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स फेब्रुवारी २०११ मध्ये बाहेर पडले. जानेवारीत रोनाल्डिन्योला आणण्याची बोलणी वर्तमानपत्रांत गाजली आणि तो गेला ब्राझीलच्या फ्लॅमेंगोकडे. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून कोंबडी खात असल्याची जाहिरात निघाली. तो हंगाम क्लबने शेवटच्या दिवशी वाचवला. पुढच्या उन्हाळ्यात फिल जोन्स हा तरुण बचावपटू युनायटेडला विकला गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये लीग ऐन भरात असताना संघ मैत्रीपूर्ण सामना खेळायला पुण्यात बालेवाडीला आला. विगनविरुद्धच्या त्या शेवटच्या संध्याकाळी घरच्या इवूड पार्कवर प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. लोकांनी त्या चित्राची टिंगल केली. मला त्यात सव्वाशेहून अधिक वर्षे एका क्लबबरोबर जगलेल्या गावाचा संताप दिसतो.

खरी गोष्ट मात्र त्यानंतरच्या हंगामात उघडी पडली, आणि अंदाज बांधणाऱ्याने अभ्यास करावा तो या हंगामाचा. २०१२-१३ मध्ये चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत ब्लॅकबर्नकडे वर जाण्याजोगा संघ होता. जॉर्डन रोड्ससाठी ८० लाख पौंड मोजले होते, जे त्या श्रेणीत फार मोठे होते. कीन सप्टेंबरात गेले. हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले. मायकेल अॅपलटन आले आणि ६७ दिवसांत गेले. बर्ग यांच्या करारापोटी साडेबावीस लाख पौंड देणे निघाले. क्लबने आधी ते मान्य केले आणि मग ती कबुली मागे घेण्यासाठी मँचेस्टरच्या न्यायालयात धाव घेतली. मुद्दा काय मांडला? क्लबच्या व्यवस्थापकीय संचालकाला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, हा. न्यायाधीशांनी तो ऐकला नाही. हे पुन्हा वाचावे असे आहे. क्लबने स्वतः न्यायालयात सांगितले की आमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने केलेली सही आम्हाला बांधत नाही. ज्या घरात सही कोणाची चालते हेच ठरलेले नाही, तिथल्या संघाचे स्थान मध्यरक्षक कोण आणि आघाडीला कोण यावरून कसे सांगणार? उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हे. उंट पुण्यात होता आणि कळप सात हजार किलोमीटरवर.

मे २०१७ मध्ये ब्लॅकबर्न शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ ने हरवूनही गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत घसरला. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१ च गुण होते. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. मॅनेजर टोनी मॉब्रे यांना मात्र त्या घसरणीनंतर काढले नाही. त्यांनी एका वर्षात क्लब वर आणला आणि २०२२ पर्यंत ते टिकले. क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत स्थिरावला तो याच काळात. मालक तेच, मैदान तेच, पैसाही त्याच घरातला. बदलली ती माणूस ठेवण्याची रीत.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते घेतो. पहिला आक्षेप पुण्यातूनच येतो: वेंकीजनी क्लबमध्ये अफाट पैसा ओतला, त्यांना दोष कसला देता? पैसा ओतला हे निर्विवाद आहे. वर्षानुवर्षांच्या हिशेबांची बेरीज २० कोटी पौंडांच्या पुढे जाते. तोटा दरवर्षी मालकांनी भरला, क्लब बुडू दिला नाही, आणि बोल्टन किंवा बरी या शेजारच्या क्लबांवर २०१९ मध्ये जी वेळ आली (बरीला तर लीगमधूनच काढले गेले) ती ब्लॅकबर्नवर येऊ दिली नाही, हे त्यांच्या बाजूने मांडलेच पाहिजे. पण हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, पक्के करतो. विकत घेतलेल्या किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला आणि क्लब खाली गेला. म्हणजे पैसा हे कारण पुरेसे नाही हे सिद्ध करणारा याहून महाग प्रयोग कोणी केलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की ब्लॅकबर्न हे छोटे गिरणीगाव, वॉकरांचा पैसा आटल्यावर ते कधी ना कधी घसरणारच होते, वेंकीजच्या माथी खापर का? याचे उत्तर ब्लॅकबर्नच्या पूर्वेला काही मैलांवर आहे. बर्नली हे त्याहून लहान गाव, तशाच सुती गिरण्यांचे. २०१० मध्ये बर्नली नुकताच प्रीमियर लीगमधून घसरला होता आणि ब्लॅकबर्न वर होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे ब्लॅकबर्न मॅनेजर बदलण्याचा सपाटा लावत असताना, बर्नलीने शॉन डाइच यांना आणले आणि जवळजवळ दहा वर्षे ठेवले. त्यात मधे एकदा क्लब घसरला तरी डाइच राहिले, पुढच्याच वर्षी वर आले, आणि २०१७-१८ मध्ये बर्नली प्रीमियर लीगमध्ये सातवा येऊन युरोपात खेळायला पात्र ठरला. हवा तीच, लोकसंख्या कमी, परंपरा कमी. गावाच्या आकाराने नियती ठरते हा सिद्धांत या एका जोडीपुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे आणि तो मी हलका समजत नाही. भारतीय मालक म्हणून इंग्रजांनी त्यांना पाण्यात पाहिले, कोंबडीवरून हिणवले, गोऱ्या मालकांना हे सोसावे लागले नसते. हिणवण्यात विखार होता हे खरे आहे. पण मँचेस्टर युनायटेडच्या अमेरिकन ग्लेझर कुटुंबाविरुद्ध वीस वर्षे निदर्शने चालू आहेत आणि ब्लॅकपूलच्या इंग्रज ऑयस्टन घराण्याच्या विरोधात प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे स्टेडियमवरच बहिष्कार टाकला. आणि लाहोरमध्ये जन्मलेल्या शाहिद खान यांनी २०१३ मध्ये फुलहॅम घेतला, पहिल्याच हंगामात तीन मॅनेजर आजमावून क्लब खाली घालवला, पुढे रीत बदलली, आणि २०२२ पासून फुलहॅम प्रीमियर लीगमध्ये आहे. कातडीचा रंग तोच राहिला, निकाल बदलला.

सगळ्यांत नेमके उत्तर मात्र लेस्टरचे आहे, म्हणून त्याला थोडी जागा देतो. वेंकीजनी ब्लॅकबर्न घेतला त्याच वर्षी, २०१० च्या ऑगस्टमध्ये, थायलंडच्या श्रीवद्धनप्रभा कुटुंबाने लेस्टर सिटी घेतला. एकाच वर्षी आशियातल्या दोन घराण्यांनी दोन इंग्लिश क्लब घेतले, दोघांचाही मूळ धंदा फुटबॉलबाहेरचा, आणि त्या दिवशी ब्लॅकबर्न एक पायरी वर होता. थाई मालकांनीही सुरुवातीला घाई केली. पाउलो सोसा आणि स्वेन-गोरान एरिक्सन यांना काढले. पण नोव्हेंबर २०११ मध्ये नायजेल पिअर्सन यांना आणल्यावर ते थांबले. २०१३ मध्ये वर जाण्याची संधी वॉटफर्डविरुद्ध शेवटच्या मिनिटांत हुकली, तरी पिअर्सन राहिले. २०१४ मध्ये १०२ गुणांनी क्लब वर गेला. २०१४ च्या नाताळाला लेस्टर तळाशी होता, तरी पिअर्सन राहिले. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून क्लब चौदावा आला. दरम्यान खेळाडू शोधणारी माणसे त्यांचे काम करत होती: जेमी वार्डी फ्लीटवूडहून, रियाद माहरेझ ल हाव्रहून, एन्गोलो कान्ते कानहून, सगळे मिळून आजच्या एका साध्या खेळाडूच्या किमतीत. पिअर्सन २०१५ मध्ये गेले ते मैदानाबाहेरच्या कारणाने. क्लॉडिओ रानिएरी आले, सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव लावला, आणि मे २०१६ मध्ये लेस्टर ८१ गुणांनी विजेता झाला. नशिबाचा पक्ष लेस्टरला आपला सर्वांत मोठा साक्षीदार मानतो. चार वर्षे न हललेल्या कचेरीचा तो परिपाक होता. आणि तोच क्लब, २०१८ मध्ये मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांच्या हेलिकॉप्टर अपघाती मृत्यूनंतर, २०२१ चा एफए कप जिंकूनही, पुढे वाढते पगार आणि संपत चाललेले करार सांभाळता न आल्याने २०२३ मध्ये घसरला, चढला, २०२५ मध्ये पुन्हा घसरला. एकाच मालकीत दोन्ही टोके दिसली. मालक कोणत्या देशाचा हा प्रश्नच गैरलागू आहे.

उरतो तो अभ्यासकांचा आक्षेप. आज आकडेशास्त्र इतके पुढे गेले आहे की कचेरीत डोकावायची गरज काय? १९९७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी प्रत्येक क्लबच्या आक्रमणाची आणि बचावाची ताकद मागच्या निकालांतून काढून सामन्याचे भाकीत करण्याची पद्धत मांडली; आजची संगणकी भाकिते त्याच वाटेने, हंगाम हजारो वेळा खेळवून, शक्यता सांगतात. ही पद्धत प्रामाणिक आहे. ती ‘घसरणार’ म्हणत नाही, ‘घसरण्याची शक्यता इतकी’ म्हणते, आणि तेवढ्यापुरती ती गप्पांपेक्षा शंभर पटीने बरी. पण तिचे इंधन म्हणजे मागचे निकाल. कचेरीत झालेला बिघाड निकालांत उतरायला महिने लागतात, आणि तोवर ही भाकिते वरातीमागून घोडे नाचवत राहतात. शिवाय काही निकाल तर मैदानात लागतच नाहीत. २०२३-२४ मध्ये तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून एव्हर्टनचे एकूण आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. हे गुण हिशेबनिसाच्या टेबलावर गेले.

याला माझ्यापेक्षा मोठे साक्षीदार आहेत. इंग्लंडमध्ये आकड्यांच्या जोरावर फुटबॉलच्या सट्ट्यातून सर्वांत जास्त कमावलेल्यांपैकी दोघे म्हणजे टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनहॅम. या दोघांनी मिळवलेल्या पैशाचे काय केले? ब्लूम यांनी २००९ मध्ये ब्रायटनची सूत्रे घेतली, बेनहॅम २०१२ मध्ये ब्रेंटफर्डचे मालक झाले. दोन्ही क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होते. ब्रायटन २०१७ मध्ये आणि ब्रेंटफर्ड २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचले, इतर क्लबांच्या मानाने तुटपुंज्या पगारात. भाकीत करण्यात ज्यांचा हात कोणी धरणार नाही ते दोघे शेवटी कचेरीत जाऊन बसले. यातून काय ते समजावे.

आपल्याकडे तर हे आणखी ठळक आहे. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. दोन-तीन वर्षांत त्याचा वरिष्ठ संघच उरला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आटोपला. आयएसएलमधला पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेल्या धेंपोनेही तीच वाट धरली. यांतला एकही निर्णय गोलफरकाने झालेला नाही. आणि संभाजीनगरला हे परके वाटू नये, कारण २०१४ मध्ये एफसी गोवा उभा राहिला तेव्हा धेंपो आणि साळगावकर यांच्याबरोबरचा तिसरा भागीदार होता व्हिडिओकॉन, पैठण रोडवरच्या चितेगावचा, ज्याच्या पगारावर या शहरातली किती घरे उभी राहिली. झिको यांच्या मार्गदर्शनाखाली तो संघ २०१५ च्या अंतिम सामन्यात पोचला आणि त्याच झिको यांच्या हाताखाली २०१६ मध्ये तळाला गेला. पुढे मालकी बदलली, व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. उलट बाजूला मुंबई सिटी: २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२०-२१ मध्ये लीग आणि करंडक दोन्ही मुंबईत आले. खेळाडू बदलले हे खरे, पण आधी खेळाडू निवडणारी व्यवस्था बदलली.

हे सगळे मुकुंदवाडीतल्या पोराने का ऐकावे, असेही कोणी म्हणेल. त्याचे कारण पैशाचे आहे. अनेक वर्षे या पोरांना सांगितले गेले की अंदाज हे कौशल्य आहे, संघ निवडा आणि कमवा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा खेळांना कौशल्याचा खेळ मानले; ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. कायद्याने दुकाने बंद झाली, पण ‘मला कळते’ ही समजूत बंद झालेली नाही, आणि ती समजूत दुसऱ्या चोरवाटेने पैसे काढून नेऊ शकते. ज्याच्यापुढे फक्त खेळाडूंची नावे आणि मागचे निकाल आहेत, त्याच्याकडे हंगामाची अर्धीच माहिती आहे. उरलेल्या अर्ध्यावर ब्लूम आणि बेनहॅम बसले आहेत. त्यांच्यासमोर पाळीच्या पगारातले पाचशे रुपये ठेवू नयेत, हे मला कळकळीने सांगायचे आहे.

कचेरी बाहेरून दिसत नाही, ही शेवटची सबब. दिसते. मॅनेजर किती महिने टिकतात हे दिसते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे का, खेळाडू कोण निवडतो, कोणाचे करार पुढच्या उन्हाळ्यात संपतात, हेही दिसते. ब्लॅकबर्नच्या बाबतीत तर भारतातून पैसा पाठवायची परवानगी मागायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि त्याच सुमाराला, २०२४ च्या हिवाळ्यात अॅडम व्हॉर्टन आणि उन्हाळ्यात सॅमी स्मॉडिक्स विकले गेले. या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला क्लबच्या तिजोरीची दशा आकड्यांशिवाय कळली असती. इंग्लंडमधल्या प्रत्येक क्लबचे वार्षिक हिशेब तिथल्या कंपनी निबंधकाकडे जमा होतात आणि कोणालाही फुकट वाचता येतात. त्या क्लबची मालकी वेंकीज लंडन या कंपनीमार्फत वेंकटेश्वरा हॅचरीजकडे, म्हणजे पुण्यात येऊन थांबते. लँकेशायरच्या वार्ताहराला जिथे पोचायला विमान लागते, तिथे पुण्याच्या वार्ताहराला रिक्षा पुरते. मराठी क्रीडापानांनी येत्या ऑगस्टमध्ये वीस नावांची उतरंड छापण्याआधी एक माणूस तिकडे पाठवावा, आणि मॅनेजरच्या करारावर सही कोणाची चालते एवढा एकच प्रश्न विचारून यावे.